ताईचा कॉम्प्युटर गप्प केला तेव्हा

ताई,

माणसं भेटायला येतात, पाणी पितात आणि मग हळूच विचारतात, नेमकं काय झालं होतं बाईंना. मी सांगतो, फुप्फुसाचा आजार. ते मान हलवतात. कोणी म्हणतं, घरात ना बिडी ना चूल, तरी असं कसं. मी म्हणतो, होतं कधी कधी, डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. एवढं सांगतो आणि थांबतो. पुढचं सांगायला गेलो तर लोकांना वाटेल, बहिणीच्या दुःखानं याचं डोकं फिरलं. कारण तुझं दुखणं मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस. ते भाऊजींच्या जुन्या कॉम्प्युटरमुळे कळलं.

म्हणून हे तुलाच सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस. ऐकून घ्यायची तुझी पद्धतच नव्हती. जन्मभर शाळेत मराठी शिकवलंस. तिथं तू बोलायचीस आणि बाकीचे ऐकायचे. घरीही तोच वर्ग भरायचा.

भाऊजी गेल्यावर अमरावतीच्या या घरात तू एकटी राहिलीस. मी अकोल्याहून महिन्यातून एखादी चक्कर मारायचो. गाडीनं मूर्तिजापूर सोडलं की तुला फोन करायचो, आणि तो आला की तू कुकर लावायचीस. बडनेऱ्याला उतरून, ऑटो करून मी दारात येईपर्यंत वरण घोटून झालेलं असायचं. जेवताना मी म्हणायचो, चल आमच्याकडे, सुनीताही तुझी वाट पाहते. तू म्हणायचीस, "मले कामं हायेत." माझ्या बायकोला, सुनीताला, वाटायचं, ही येत नाही म्हणजे आपल्यावर काही राग आहे. राग नव्हता. तुला खरंच काम होतं.

तुझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात शिकवायला लागली होती. तिच्याकडे काही अंध मुलंमुली शिकायची. पुस्तकं सगळी छापील, आणि वाचून दाखवायला कोणी नाही. तिनं तुला विचारलं आणि तू दुसऱ्या दिवसापासून बसलीस. दुपारची जेवणं उरकली, गल्ली निजली, की दारं-खिडक्या लावायच्या, भाऊजींच्या कॉम्प्युटरला माइक जोडायचा आणि वाचायचं. इतिहास, राज्यशास्त्र, जे हातात येईल ते. इतिहासात तुला स्वतःला फारशी गोडी नव्हती, हे मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला तसं कधी वाटलं नसेल.

मला तर त्याचं नवल वाटलंच नाही. मी लहान असताना माझे डोळे आले होते आणि ते चांगले चिघळले होते. आईनं मला अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून निजवलं होतं. शाळेतून आली की तू दप्तर टाकून माझ्याजवळ बसायचीस आणि वाचायचीस. गोष्टीचं पुस्तक संपलं, मग तुझं भूगोलाचं पुस्तक, ते संपलं तेव्हा औषधाच्या खोक्यावर जे काही होतं तेही वाचलंस. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. तुझा आवाज तेवढा आठवतो. पट्टी निघाली त्या दिवशी मी रडलो होतो, आणि आईला वाटलं, उजेड सहन होत नाही पोराला.

तर तो कॉम्प्युटर. भाऊजींनी नोकरीत असताना हौसेनं घेतलेला. पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, टेबलाखाली पाटावर ठेवलेला. बटण दाबलं की आधी खाकरायचा, मग घुर्र करून जो सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. ऊन तापलं की आणखी चढायचा. वैशालीनं एकदा फोनवर तुला सांगितलं की मॅडम, तुमचा आवाज लय चांगला हाय, पण तुमच्या मागं पिठाची चक्की चालू असते. वैशाली अंजनगाव सुर्जीकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली पोरगी, जन्मापासून डोळ्यांनी अधू. एमए झाली, आता प्राध्यापक होण्याच्या परीक्षेला बसते आहे. तिचं बोलणं तू मला हसत हसत सांगितलंस. मी म्हणालो, त्यात काय, चक्की बंद करून देतो. माझी नोकरी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली, यंत्रं उघडणं-झाकणं हा माझा रोजचाच उद्योग.

तू म्हणालीस, राहू दे. दिवाळीत म्हणालीस, पाहुणे गेले की पाहू. संक्रांतीला म्हणालीस, आता धडा मधेच हाय, संपू दे. मी म्हटलं, नवा लॅपटॉप घेऊन देतो, त्याला आवाजच नसतो. त्यावर तू जी रागावलीस ती फोनच ठेवलास. मला वाटलं, भाऊजींची वस्तू आहे, हिला हात लावू द्यायचा नाही. सुनीतालाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही किती सरळ विचार करत होतो, ताई.

होळीच्या आधीच्या रविवारी मी न विचारताच आलो. पिशवीत पेचकस, ब्रश, हवा मारायचं ब्लोअर. तू दिवाणावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होतीस. मला पाहून आनंद झाला, पिशवी पाहून नाही झाला. पण आलेल्या भावाला परत कसं पाठवणार?

डबा अंगणात नेऊन उघडला. आत काळ्या मातीची धूळ, तिच्यावर कापसाच्या रुईचा थर, असा की पंखा दिसतच नव्हता. आपल्या भागात कपाशीच्या दिवसांत हवेत जे काही उडतं ते सगळं वर्षानुवर्षं त्यानं पोटात घेतलं होतं. ब्लोअर मारला तशी अंगणात वावटळ उठली. तू पदर नाकाला लावून आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. आतून खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, धूळ गेली नाकात.

त्या दिवशी पाहिलं ते असं. प्रोसेसरवरच्या पंख्याची बेअरिंग झिजून गेली होती. त्याखालचा लेप वाळून खडूसारखा झाला होता, त्यामुळे आतली गर्मी बाहेरच पडत नव्हती, आणि बिचारा पंखा जीव तोडून फिरत होता. हार्डडिस्क जुन्या घड्याळासारखी टकटक करत होती. वीज पुरवणाऱ्या डब्यातला पंखा तर वाकडाच फिरायचा. मी तुला एकेक समजावून सांगत होतो आणि तू घाटे सोलता सोलता म्हणालीस, "म्हंजे सगळंच गेलं हाय त्याचं. तरी चालूनच रायला ना?"

पुढच्या रविवारी अकोल्याहून सामान घेऊन आलो. मोठ्या पात्यांचा, हळू फिरणारा पंखा. नवा लेप. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे आवाजही नाही. वीजपुरवठ्याचा डबा नवा. रॅम वाढवली. पत्रा थरथरू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून स्क्रूंखाली घातले. भाऊजींच्या फायली, फोटो, सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, एकही गेलं नाही. बाहेरचा डबा तोच ठेवला, पिवळा. तुझ्यासाठी.

बटण दाबलं. दिवा लागला. तू टेबलाशी कान लावलास आणि म्हणालीस, हा सुरूच झाला नाही. मी पडद्याकडे बोट दाखवलं. तू बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिलीस. मी खूश होतो. इतकं साधं काम आणि इतका फरक. म्हटलं, ताई, वाच आता काही, रेकॉर्ड करून पाहू. तू म्हणालीस, जेवून घे आधी. जेवलो. म्हणालीस, जरा पड. मी म्हटलं, मला गाडी पकडायची आहे, एक पान वाच. मग बसलीस.

तू वाचलंस. पेशव्यांच्या काळातल्या महसुलाबद्दल काहीतरी होतं. मी कानाला हेडफोन लावून ऐकायला घेतलं. मागं काही नव्हतं. पंखा नाही, टकटक नाही, काही नाही. आणि त्या रिकाम्या जागेत दुसरंच काही ऐकू यायला लागलं. वाक्याच्या मधेच, जिथं स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, तिथं तू थांबत होतीस. हवा ओढून घेतल्याचा आवाज, आखूड, घाईचा. मग दोन-तीन शब्द. पुन्हा तोच आवाज. जिना चढून आलेलं माणूस बोलतं तसं. आणि तू तर खुर्चीवर बसलेली होतीस.

मी पुन्हा मागून लावलं. मग हेडफोन काढला आणि तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस.

"ताई, हे कधीपासून?"

"काय?"

मी हेडफोन तुझ्यासमोर धरला. तू घेतला नाहीस. पुस्तक मिटलंस, चष्मा काढून त्याची घडी घातलीस आणि म्हणालीस, "पंखा होता तेच बरं होतं."

तेव्हा तू सांगितलंस. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन आली होतीस, एकटीच, रिक्षानं. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होत नाहीत, हे तुला डॉक्टरांनी सांगून झालं होतं. गोळ्या चालू होत्या, त्यानं आजार फार तर हळू होणार होता. हे सगळं तू वाणसामानाबद्दल बोलावं तसं बोललीस. मी उठून अंगणात गेलो आणि तिथं कठड्यावर बसून राहिलो. गाडी गेली. मला इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं. तू चहा घेऊन आलीस, कप माझ्याजवळ ठेवलास, आणि शेजारी बसलीस. थोडी धाप गेल्यावर म्हणालीस, "तुले सांगतलं असतं, तं तू मले वाचू देलं असतं का?"

याचं खरं उत्तर एकच होतं, ताई: नसतं दिलं. तुला अकोल्याला घेऊन गेलो असतो, खाटेवर निजवलं असतं, पुस्तक हातात धरू दिलं नसतं. माझ्यासारखी माणसं आजारी माणसावर माया करतात ती अशी. हे तुला माझ्याआधी माहीत होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनाही दाखवून आलो. त्यांनी तुझ्या पाठीवर नळी लावून ऐकलं आणि मलाही ऐकू दिलं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीवर पाय पडावा तसा चुरचुर आवाज. तू विचारलंस, किती दिवस, असं नाही. विचारलंस, आवाज किती दिवस. डॉक्टर जरा गोंधळले. मग म्हणाले, बोलणं थकवेल, जपून वापरा. परतीच्या गाडीत तू हिशेब करत असल्यासारखी बोटांवर मोजत होतीस. मी विचारलं, काय. तू म्हणालीस, वैशालीचं एक पुस्तक राह्यलं हाय, मराठ्यांच्या राज्यकारभाराचं. जाडजूड. तिची परीक्षा दिवाळीनंतर.

मग मी भांडणं सोडून दिलं. सुनीता येऊन राहिली. मी सुट्ट्या जमवल्या, आणि ज्या दिवशी सुट्टी नाही त्या दिवशी पहाटेची गाडी धरायला लागलो. आणि आपला तो उन्हाळा सुरू झाला.

अमरावतीचा मे महिना, आणि कूलर बंद. कारण कूलर चालू असला की रेकॉर्डिंग नाही. छताचा पंखाही बंद, नाहीतर माइकवर वारा येतो. भिंतीवर मी गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. सुनीता ओला टॉवेल तुझ्या मानेवर ठेवायची, तो वाळला की दुसरा. तू एक परिच्छेद वाचायचीस, हात वर करायचीस, मी रेकॉर्डिंग थांबवायचो, सुनीता कूलर लावायची. धाप बसली की तू पुन्हा हात वर करायचीस, की कूलर बंद. सुनीता एकदा पाठ फिरवून रडत होती. तू म्हणालीस, "अवं, ती पोरगी परीक्षेले बसून रायली, मी नाही. रडायचं तं तिनं रडावं." आणि सुनीता रडता रडता हसली.

मृगाच्या सुमाराला ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाचा बहुतेक वेळ नाकाला नळी हवी. ते यंत्र पाहून मला रडावं की हसावं कळेना. एवढ्या कष्टानं एक डबा गप्प केला, आणि त्याच्याहून मोठा दुसरा डबा खोलीत येऊन बसला. फुस्स, ठक. फुस्स, ठक. रेकॉर्डिंगमधून ते काढता येईना. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आलो तर यंत्र बंद, नळी बाजूला, आणि तू वाचत होतीस. ओठ निळसर झाले होते. सुनीता दारात उभी होती, तिला तू बोटानं गप्प केलं होतंस.

त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तू ऐकून घेतलंस, नळी नाकाला लावलीस, आणि दम खाऊन म्हणालीस, मग तू काही कर.

केलं. लांब नळी आणली, यंत्र स्वयंपाकघरात नेऊन रबराच्या चटईवर ठेवलं, नळी दाराखालून तुझ्यापर्यंत आणली. दाराच्या फटीला जुनी लुगडी कोंबली. तुझ्या नाकाशी हवेचा हलका फुसफुस आवाज यायचा, तो माइक जरा बाजूला सरकवून टाळला. पुन्हा खोलीत शांतता झाली. तू माझ्याकडे पाहून मान डोलावलीस. शाळेत चांगलं उत्तर देणाऱ्या पोराला तू अशीच मान डोलावून दाखवत असशील. मला ती शाबासकी साठीला टेकल्यावर मिळाली.

आणि मग आपलं ते भांडण, जे राहूनच गेलं.

तू म्हणाली होतीस, माझा श्वास त्यात ठेवायचा नाही, काढून टाक. रॅम वाढवलेलीच होती, आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर चांगलं चालत होतं. मी बसून एकेक श्वास निवडून कापायचो. वाक्यं एकमेकांना चिकटली, पण साफ झाली. जवान बाईनं वाचल्यासारखी. आठवडाभरानं वैशालीचा फोन आला, तो मी घेतला, तू झोपली होतीस. तिनं विचारलं, मॅडम बऱ्या हायेत ना? मी म्हटलं, का? ती म्हणाली, आवाज आहे, पण मॅडम त्याच्या मधात नसल्यासारख्या वाटतात. मागच्यासारखंच पाठवा.

मी कापणं थांबवलं आणि तुला तसं सांगितलं. तू पडल्या पडल्या चादरीची किनार सारखी केलीस. मला वाटलं पटलं. मग तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "मी मरून रायली, ते लोकाइले ऐकवतं का तू?"

हे तू रागानं म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. तू फक्त विचारलंस. मी उठून पाणी प्यायला गेलो. नंतर तूही तो विषय काढला नाहीस, मीही नाही. रेकॉर्डिंग श्वासांसकट जात राहिली. तुला ते माहीत होतं. तू चालू दिलंस की तुझ्यात विरोध करायचं बळ उरलं नव्हतं, हे मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

श्रावणात तुझं वाचन परिच्छेदावरून ओळीवर आलं. दोन ओळी, मग विसावा. मी म्हणायचो, आज पुरे. तू बोटानं दाखवायचीस, एक अजून. शेवटचं प्रकरण राहिलं. त्या दुपारी तू पुस्तक मागितलं नाहीस. सुनीतानं तुझे केस विंचरले, वेणी घातली. तू तिचा हात धरून ठेवलास. मी पायाशी बसलो होतो. यंत्र स्वयंपाकघरात चालू होतं, आणि आम्हाला ते कितीतरी वेळ कळलंच नाही की आता त्याची गरज नाही.

तेरवीला वैशाली आली. तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. तुझ्याएवढी उंच आहे, ताई, तू तिला कधी पाहिलं नव्हतंस. मीही नव्हतं. पंगत उठल्यावर तिनं मला विचारलं, मॅडम जिथं बसून वाचायच्या तिथं बसू का. मी तिला तुझ्या खुर्चीपाशी नेलं. ती बसली, टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, माइक चाचपला. मी तिच्यापुढे तो प्रश्न ठेवला. तू विचारला होतास तोच, फक्त थोडा मऊ करून. म्हटलं, ताईंना वाटायचं, आपलं दुखणं तुम्हाला ऐकू जाऊ नये.

ती म्हणाली, आमाले सगळ्याइले माहीत होतं. मागं पंखा होता तेव्हापासून.

ती सावकाश सांगत राहिली. डोळ्यानं न दिसणाऱ्याला पंख्यामागचं ऐकू येतंच. ऐकणाऱ्या सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं, मॅडमला विचारायचं नाही, विचारलं तर त्या वाचणं सोडतील. मग ती म्हणाली, "मॅडम श्वास घेत होत्या, तेवढ्या वेळात मी मागचं वाक्य मनात म्हणून घेत होती. मले ते पुस्तक तसंच पाठ झालं, सर. श्वास कापला तेव्हा काहीच ध्यानात राहे ना."

हे तुला सांगायला हवं होतं, ताई. महिनाभर आधी मला कळायला हवं होतं आणि मी ते तुझ्या उशाशी बसून सांगायला हवं होतं. तू विचारलंस त्याचं उत्तर हे होतं. तुझं मरण कोणी ऐकत नव्हतं. तुझ्या थांबण्याच्या जागेत पोरी अभ्यास करत होत्या. तू दोन शब्दांनी थकायचीस, आणि तेवढ्यात अमरावतीत नि अंजनगावात कोणीतरी ते दोन शब्द घट्ट धरून ठेवायचं. तुला हे कळलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? बहुतेक म्हणाली असतीस, बरं, मग आता परीक्षा दे म्हणावं नीट.

निघताना वैशालीनं शेवटच्या प्रकरणाचं विचारलं. मी म्हटलं, कोणीतरी वाचणारं पाहतो. ती म्हणाली, तुमीच वाचा ना. मी म्हटलं, मला कुठं येतं, माझं मराठी प्रयोगशाळेतलं. ती ऐकेना. तुझी विद्यार्थिनी शेवटी.

काल दुपारी बसलो. सुनीता शेजारी गेली होती. दारं लावली, पुस्तक उघडलं, तू जिथं पेन्सिलीनं खूण केली होतीस तिथून सुरुवात केली. माझा आवाज मला परका वाटत होता. दुसऱ्याच पानावर राजाच्या खास फौजेसाठी ‘हुजुरात’ हा शब्द आला. त्यातला ज जावयातला की जेवणातला, मला कळेना. लिहिताना दोन्ही सारखेच, पण वैशालीला तर ऐकूनच शिकायचं आहे. आणि मी, कसलाही विचार न करता, मान मागं वळवून दिवाणाकडे पाहून विचारलं, ताई, हा कसा म्हणायचा?

ते रेकॉर्ड झालं. माझा प्रश्न, आणि त्याच्यानंतरची ती जागा. मी ती पुन्हा लावून ऐकली. काही म्हणजे काहीच नाही त्यात.

वैशालीला पाठवताना तेवढं कापलं. तिला अभ्यास करायचा आहे. ‘हुजुरात’ मी जावयाच्या ज नं म्हटलं आहे, अंदाजानं. चुकलं असेल, तर तशीच चूक आता पुढे जाणार.

तुझा,
मधू